चौथी नळी

धाराशिवच्या धावपट्टीवरचे मिस्त्री विमानाचं इंजिन दुरुस्त करतात, पण चुलीपुढं बसल्यासारखे. मी पहिल्यांदाच आकाशात जायला नटूनथटून बसलो आणि इंजिन गचके द्यायला लागलं. वैमानिकाला ते बंद करायला लावून मिस्त्रींनी धुराच्या चारही नळ्यांवर पाणी शिंपडलं, भाकरीच्या तव्यावर शिंपडावं तसं. तीन चरचरल्या, चौथी गप्प.

"हिच्याखाली जाळच न्हाय," म्हणत त्यांनी तिथली पेट्रोलची तुंबलेली तोटी साफ केली.

"निघायचं?" मी विचारलं.

"उतरा तुम्ही. आधी मी."

वैमानिकाशेजारी डोळे घट्ट मिटून ते एक फेरी मारून आले आणि उतरताच गवतात ओकले. मी हादरलोच.

"मिस्त्री, तुम्हाला विमानाचं भ्या वाटतं?"

"लई. दरवेळी." त्यांनी तोंड पुसलं. "बसा आता."