नदीकडच्या कोपऱ्यातली टाच

आपल्या कार्डिफच्या मैदानावर रग्बीत इंग्लंडला हरवणारे आपले पंधराही गडी तुम्ही तोंडपाठ म्हणून दाखवाल. पण ते मैदान कुणी विरघळवलं, सांगता येईल तुम्हाला?

होपकिन प्रॉसर. गोदीत बॉयलर पेटवायचा. १८९३च्या जानेवारीत मैदान गोठून दगड झालं, तेव्हा आम्हा गोदीवाल्यांना बोलावून त्यावर कोळशाच्या शेगड्या मांडायला लावल्या. नदीकडचा कोपरा होपकिनकडे, त्याच्या हाताखाली मी.

सामन्याच्या सकाळी मुकादम मेरिक आला. "उचला शेगड्या. कमिटीचे साहेब येतायत, त्यांना हिरवं दिसू दे."

बाकीच्यांनी मुकाट उचलल्या. होपकिननं बूट काढला, अनवाणी टाच मातीत दाबली. वरचा चिखल बाजूला झाला, पण टाच आत जाईना.

"खाली अजून हाड आहे," तो म्हणाला. "आत्ता उचललं तर खेळाच्या वेळेला परत काच होईल."

"तू रग्बी खेळतोस का रे?"

"नाही. तुम्ही कधी आग पेटवलीत?"

मी हसलो. हसायला नको होतं. मेरिक लालेलाल झाला. "ठीक आहे. कोपरा तुझा. सामना हातचा गेला, तर सोमवारी गोदीत पाऊल टाकायचं नाही."

घरी चार लेकरं, तरी होपकिन हलला नाही. बॉयलरची आग उतरवावी तशी एकेक शेगडी तो वीतवीत सरकवत राहिला. दर खेपेला टाच लावून बघायचा. टाच निळी पडली. दुपारी ती अंगठाभर रुतली, तेव्हा कुठे त्यानं बूट घातला.

खेळ सुरू झाला. गडी जागोजाग घसरत होते. आम्ही दोरीला चिकटून उभे. शेवटची मिनिटं, आपण मागे, आणि पेनल्टी मिळाली ती नेमकी आमच्या कोपऱ्यात. सगळ्यांचे डोळे चेंडूवर, होपकिनचे मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायावर.

"घसरू नकोस, बाबा," तो पुटपुटला.

पाय रुतला. चेंडू दांडीवरून गेला.

पण जिंकलं कोण? गुण मोजायची रीत नुकती बदललेली. दोरीकडचे आम्ही सगळे जुनीच धरून बसलेलो: चौदा-चौदा, बरोबरी. मेरिकही त्यातलाच.

"जिंकलो नाही म्हणजे हातचा गेलाच," तो म्हणाला. "सोमवारी येऊ नकोस."

"कोपरा टिकला की, मुकादम."

"कोपऱ्याला गुण नसतात."

अर्ध्या तासानं कळलं, नव्या रीतीनं बारा-अकरा. आपण जिंकलो होतो. मी धावत गेलो, तर मेरिक साहेबांच्या मेजवानीत. दरवानानं आत सोडलं नाही. सोमवारी फाटकावर गाठला, तर म्हणतो, "त्याची जागा भरली."

त्या दिवसापासून मी गोदी कामगारांच्या संघटनेत आहे. होपकिन मरेपर्यंत चुन्याच्या भट्टीवर राबला. एवढी आग समोर, पण ती टाच कधी गरम झाली नाही.

त्या मैदानावर गेलात तर एक करा. नदीकडच्या कोपऱ्यात थुंकू नका.