तहसील, हशील आणि कापलेले चार गुण

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, पालमच्या एका शाळेत भर दुपारी मराठी भाषेचं रक्षण करण्यात आलं. ते लाल पेननं झालं. मी दोन नंबरची परीक्षक असल्यामुळे सगळं जवळून पाहिलं.

बायकांची भाषणस्पर्धा होती. एक शेतकरी बाई उभी राहिली आणि तिनं सभा जिंकली. ‘तहसीलला चकरा मारून आमाला काय हशील?’ असं ती म्हणाली तेव्हा मागच्या बाकांवर टाळ्या थांबेनात. पहिला नंबर तिचाच होता. पण मुख्य परीक्षकांनी नियमावर बोट ठेवलं: परक्या शब्दाला दोन गुण वजा. तहसील गेलं, हशील गेलं, बाई दुसऱ्या नंबरावर आली.

“करा सही,” ते मला म्हणाले.

“नाही करत.”

“मॅडम, तक्रार चालणार नाही, असं खाली स्पष्ट लिहिलंय.”

“मग तुमचेही दोन कापते. तक्रार अरबीच की! तिकडे तिचा अर्थ नुसता पुन्हा पुन्हा म्हणणं. त्याचं गाऱ्हाणं आपण केलं.”

माईक हाताशी होता, आणि माईक दिसला की मला राहवत नाही. शेजारी राहणाऱ्या अरबीच्या निवृत्त मास्तरांकडे मी हौसेनं दोन वर्षं शिकले होते. म्हटलं, आज सगळं बाहेर काढू.

“ह, स, ल,” मी गरजले. “या तीन अक्षरांचं मोठं खटलं आहे. तहसील म्हणजे मुळात भुशातून गहू वेगळा काढणं, असं जुने कोशकार सांगतात. हाती आला तो हासिल. त्यातला सरकारनं नेला तो महसूल, आणि तो गोळा करतात ती कचेरीही तहसीलच झाली. पुढं दाण्याचा संबंधच सुटला. कुठल्याही खटपटीतून हाती काय लागलं, हे विचारायला आपल्या आज्या-पणज्यांनी हशील हा शब्द घरात घेतला. आता त्याला बाहेर कोण काढतो ते बघतेच! निकाल लावायचा तर माझ्या सहीशिवाय लावा.”

मुख्य परीक्षकांनी पुन्हा नियमावर बोट ठेवलं. तेवढ्यात ती बाई कमरेवर हात ठेवून उठली.

“अवो सर, पिकवायचं आमी, उपणायचं आमी, अन् शब्द तेवढा परका कसा वो?”