दोन नावं कमी करण्याचा अर्ज

साखरेसाठी तो उद्योग मी केला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सगळा दोष बाबांच्या हट्टावर ढकलला जाईल, आणि ते अर्धंच खरं आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे. केंद्र सरकारच्या नोकरीतून ते निवृत्त झाले आणि शीवच्या चाळीतली खोली सोडून आम्ही सगळे वाशीला आलो. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या. रस्ते रुंद नि रिकामे, संध्याकाळी खाडीवरून डासांची फौज, आणि जरा काही हवं असलं की पूल ओलांडून मुंबईला पळा. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात शिफ्टला, मी शाळेत शिकवायला. दमायला वेगळं कारण शोधावं लागत नव्हतं.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, या घरातलं कौतुक एकच होतं, न्हाणीघर. चाळीत तीस वर्षं त्यांनी खोलीतल्या मोरीत, साडीचा आडोसा करून, बाकीचे उठायच्या आत आंघोळ उरकली होती. इथे दार होतं आणि दाराला पितळी कडी होती, बाबांनी स्वतः बसवलेली. आई आत गेल्या की अर्धा तास बाहेर येत नसत. माझी शाळेची घाई, मी रोज दार वाजवायची. "आले गं," म्हणायच्या आणि परत तांब्याचा आवाज सुरू.

आईंना साखरेचा आजार होता. रोज सकाळी बाबा काचेची सिरिंज उकळून त्यांना इन्शुलिन टोचायचे. ती बाटली बाबांच्या कार्डावर शीवच्या सरकारी दवाखान्यातून मिळायची. निवृत्त कर्मचारी आणि त्याची बायको, दोघांना सरकारची आरोग्य योजना लागू होती. महिन्यातून एकदा बाबा थर्मासमध्ये बर्फ भरून बसने शीवला जायचे, बाटली आणायचे आणि माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. वाशीत तेव्हा औषधांची दोन दुकानं होती. तिथे इन्शुलिन मागितलं की मुंबईहून मागवू म्हणायचे, आणि कधी येईल ते विचारायचं नाही.

आमचं रेशनकार्ड दीड वर्ष शीवच्याच पत्त्यावर राहिलं, कारण ते बदलायला कुणाला सवडच नव्हती. बाबा दवाखान्याच्या फेरीतच पिशवीभर साखर घेऊन यायचे. पण रॉकेल काही बसमधून आणता येत नाही. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दोन ऑफिसांत खेटे घातले आणि कार्ड वाशीला करून घेतलं. सहा माणसांची साखर, पामतेल, रॉकेल, सगळं दाराशी. बाबा म्हणाले, बरं केलंस. मलाही मी फार हुशार वाटले.

मार्चमध्ये बाबा दवाखान्याचं कार्ड नवं करायला गेले. तिथल्या कारकुनाने रेशनकार्ड मागितलं, बाबांनी दिलं. त्यावर वाशीचा पत्ता. कारकून म्हणाला, योजना खाडीच्या पलीकडे नाही, महिनाभरात दवाखान्याचं कार्ड जमा करा. पण माणूस भला असावा. त्याने रेशनकार्ड परत बाबांच्या हातात ठेवलं आणि सांगितलं की हे मी पाहिलंच नाही, शीवला कुणी नातेवाईक असतील तर त्यांची चिठ्ठी आणा, आमच्याकडे राहतात म्हणून.

नातेवाईक होते. बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचे. चिठ्ठीला त्यांना एक मिनिट लागलं असतं.

पण बाबांनी नोकरीची चौतीस वर्षं केली काय होती, तर घरभाडं भत्त्याच्या अर्जांवरचे पत्ते तपासले होते. खोटे पत्ते पकडण्यात त्यांची ख्याती होती. एका शिपायाचा भत्ता त्यांनी बंद केला होता आणि तो माणूस आमच्या दाराशी येऊन रडला होता, हे आईंनीच मला सांगितलं होतं. कुणी विचारलं नाही तोवर वाशीचा पत्ता न सांगणं त्यांच्या हिशेबी खोटं नव्हतं. आता विचारलं होतं. संपलं.

तो महिना आठवला की आजही जीव शिणतो. नवरा रोज समजावायचा, बाबा पेपर वर धरायचे. मी तर एकदा ताडकन म्हणाले की त्या शिपायाचं पाप आईंनी का फेडायचं? बाबांनी जेवण अर्धं टाकलं. दोन्ही औषधवाल्यांकडे मी फेऱ्या मारल्या. एकाने बाटली दिली ती कोमट होती, फ्रीज बंद पडला होता म्हणे. ती टोचायची बाबांना हिंमत होईना. माठाजवळची बाटली तळाला चालली होती. आई मात्र मुकाट्याने दंड पुढे करायच्या. त्यांना काय वाटतं, हे आमच्या तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

एका रविवारी काका स्वतः आले, चिठ्ठी लिहूनच. बाबांनी ती वाचली, घडी केली आणि म्हणाले, "तुझा पत्ता द्यायचा तर तुझ्याकडे राहायला यावं लागेल."

काकांना वाटलं, चेष्टा आहे. ती चेष्टा नाही, हे मला कळलं. मी आईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या की माझ्या पातळांना तिथे फळी लागेल.

मी भांडायला हवं होतं. चिठ्ठी घेऊन स्वतः दवाखान्यात जायला हवं होतं. पण खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. दोन खोल्यांत चार माणसं, सकाळी न्हाणीघर मोकळं, महिनाभराची कटकट बंद. इतकी थकले होते मी की त्या सुटकेची लाजसुद्धा मला फार उशिरा वाटली.

काकांच्या रेशनकार्डावर नावं चढवायला आमच्या कार्डावरून ती उतरवल्याचा दाखला लागत होता. बाबांचं अक्षर तेव्हा कापायला लागलं होतं, म्हणून अर्ज मी लिहिला. विषय, दोन नावं कमी करणेबाबत. रेशन ऑफिसातल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मयत का?"

"नाही," मी म्हटलं. "शीवला गेलेत."

त्यांनी लाल पेनाने दोन आडव्या रेघा मारल्या आणि माणसांच्या रकान्यात सहाचे चार केले.

ते दोघं चार वर्षं शीवला राहिले. पत्ता खरा होता, कार्ड खरं होतं, आईंचं इंजेक्शन एकदाही चुकलं नाही. दवाखाना पाच मिनिटांवर, बाटली ठेवायला काकांचा फ्रीज. बाबा मला म्हणाले सुद्धा की बघ, सोयच झाली. वाशीला ते सणाला यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. जास्त राहिलं तर पत्ता खोटा पडेल, अशी त्यांना धास्ती.

शेवटच्या वर्षी मी एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून सकाळीच शीवला गेले. काकांच्या घरात सगळ्यांची वर्दळ, पोरं डबे शोधत होती. मोरीला साडी टांगलेली होती आणि तिच्याखालून आईंची पावलं दिसत होती. दोन मिनिटांत त्या बाहेर आल्या, ओल्या केसांनी, पातळ कसंबसं गुंडाळून. मला पाहून ओशाळल्या. मग चहा घेताना बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "आपल्या न्हाणीघराची कडी नीट लागते ना गं अजून?"

लागते, मी म्हटलं.

त्याच वर्षी आई गेल्या, वाशीला परत आल्याच नाहीत. सकाळी आंघोळीला जाताना मी अजून ती कडी लावते. दार वाजवणारं आता कुणी नाही, तरी मी घाईघाईने आटपून बाहेर येते.