साहेब हळू बोलतात तेव्हा

शेजारच्या दिग्विजयनं ट्रॅक्टर मागं घेतला आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यानं जोतीरामतात्यांच्या टीव्हीची डिश भिंतीवरून उतरवून थेट खुराड्यावर ठेवली. कोंबड्या निरवांगीच्या शिवेपर्यंत बोंबलत गेल्या. नेमकं तेव्हाच टीव्हीवर लष्कराचे बडे साहेब बोलायला उभे राहणार होते, आणि तात्यांचा मुलगा यशराज सरहद्दीवर होता.

"दिग्या, दुश्मनाला जमलं न्हाय ते तू केलंस," तात्या म्हणाले.

तात्या फौजेतनं हवालदार होऊन परतलेले. बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला, तात्या साहेबांमागं. अजून म्हशीची धार काढतानाही ताठ बसायचे. म्हैसही बिचारी शिस्तीत दूध द्यायची. आठवडाभर पारावर युद्धाच्याच गप्पा होत्या. साहेब लोकांची वाक्यं ऐकून गाव हादरलं होतं, तात्या मात्र हसायचे.

"आरं, साहेब 'तयारी पूर्ण हाय' म्हणला, 'घुसून मारू' म्हणला, की आमी निवांत झोपायचो. बूट आलेलं नसायचं, तरी तयारी पूर्ण! वर त्या दिशी जेवणात शिरा."

"मग तुमी घाबरायचा कवा?" दिग्विजयनं एकदा विचारलं होतं.

"एकडाव साहेब आला, दुश्मनाचं नावबी घेतलं न्हाय. परत्येकाजवळ थांबून हळूच इचारलं, घरी बोललास का? दुसऱ्या दिशी आमाला वर लढाईवर धाडलं." एवढं बोलून तात्यांनी विषय म्हशीवर नेला होता.

दारातल्या लिंबाला एक बोकड बांधलेला होता. यशराज रजेवर येणार म्हणून त्याच्या आईनं, सारजाकाकींनी, तो पाडव्यापासून राखला होता. कपाळाला भंडारा, खायला मका; एवढे लाड यशराजचेही झाले नव्हते. येत्या रविवारी यशराज घरी यायचा होता.

डिश पाडल्याची शरम झाकायला दिग्विजयनं आपला मोबाईल पुढं धरला. काकीही पीठ मळायचं सोडून आल्या आणि तिघं त्यावर वाकले. पडद्यावर साहेब आले. आज मूठ आपटली नाही की तयारीचा शब्द काढला नाही. खाली बघत ते एवढंच म्हणाले, "आमच्या जवानांच्या आईवडिलांचे मी आभार मानतो. त्यांनी धीर धरावा."

"आवाज वाढीव की रं," काकी म्हणाल्या.

"पुरा वाढवलाय, काकी. तेच हळू बोलत्यात."

तात्या उठले. लिंबाखाली गेले आणि बोकडाच्या गळ्यातली दोरी सोडली. लाडावलेलं जनावर जागचं हलेना. तात्यांनी त्याला ढकललं.

"अवो, सोडता कशापायी? ऐतवारी पोरगं यायचंय!"

"चरू दे त्येला."

काकी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पीठ लागलेल्या बोटांनी त्यांनी यशराजला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. फोन कानाला तसाच धरून त्या उंबऱ्यावर बसल्या.

दिग्विजयला तिथं उभंही राहवेना आणि निघवेना. त्यानं खुराड्यावरची वाकडी डिश उचलली, बाहीनं पुसली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "तात्या, उद्या इंदापूरनं माणूस आणून नवी बसवून देतो."

तात्या पाठमोरेच होते.

"बसवू नगंस."