मायलिसची सातवी कादंबरी

माझी धाकटी बहीण मायलिस स्वीडनमधल्या हुडिक्सवाल गावात शाळेच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. बावीस वर्षं तिनं पोरांच्या तोंडात नळ्या धरल्या आणि घरी येऊन खुनाच्या कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या सहाही कादंबऱ्यांत तोच घटस्फोटित फौजदार, जंगलात प्रेत, आणि खुनी कोण ते चाळिसाव्या पानावर माझ्यासारखीलाही कळायचं. शेवटी प्रकाशकानं तोंडावर सांगितलं, "फौजदार पुरे झाला. माणसाच्या मनातलं काहीतरी भयंकर आणा."

मनातलं भयंकर तिच्याकडे कुठलं असणार? ते माझ्याकडे होतं.

सॉनात, त्या गरम वाफेच्या खोलीत, बोललेलं आमच्याकडे कुणी बाहेर काढत नाही. त्या भरवशावर तळ्याकाठच्या सॉनात मी तिला एकदा सांगून बसले होते. माझा मुलगा टोरकेल तीन महिन्यांचा असताना त्याचं रडणं थांबेना, म्हणून मी बाबागाडी तळ्यात गेलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकाशी नेली, ब्रेक काढला आणि पाठ फिरवून चालू लागले. वारा नव्हता, म्हणून पोर वाचलं. ऐकताना मायलिस माझा हात धरून रडली होती.

सातव्या कादंबरीत तेच सगळं. धक्का, बाबागाडी, काढलेला ब्रेक. मी फोन केला.

"अगं सीव, नाव बदललंय ना! आणि पुस्तकातलं बाळ मरतं, तुझं कुठे मेलं?"

"मी सगळ्यांना सांगेन, हे माझ्याकडून चोरलंस म्हणून."

"सांग की."

तिला चोर म्हणायचं तर आधी माझाच गुन्हा कबूल करायला हवा. सहा कादंबऱ्यांत तिला असा सापळा एकदाही जमला नव्हता.

पुस्तक वीस भाषांत गेलं. मायलिसनं नोकरी सोडली, स्टॉकहोमला घर घेतलं. मी जिथे काम करते त्या वाचनालयात तिचा कार्यक्रम झाला, तेव्हा कॉफी मीच ओतत होते. कुणीतरी विचारलं, "असलं सुचतं कुठून हो?"

"काय सांगू, डोकंच काळं आहे माझं!" ती म्हणाली. सगळे हसले. मला तिची किळस आली.

रविवारी टोरकेल जेवायला आला. आता चौतीस वर्षांचा आहे तो. पुस्तक वाचून झालं होतं त्याचं.

"मावशी लिहिते झकास. पण आई, असली बाई असते का गं कुठे? आणि असलीच, तर तिचं तोंडही बघू नये पोरानं."

एक दिवस मी स्वतःच त्याला सगळं सांगणार होते. त्याच्या तोंडून मला काय ऐकावं लागेल, तेवढीच भीती होती. आता ते ऐकून झालं.