वसईचा किल्ला बघायला गेलो आणि वायपर बसवून आलो

मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे हे सगळं झालं. मी तेव्हा दादरला तिच्याकडे राहत होतो, काम शोधतोय असं सांगून. कॅलेंडरवर किल्ल्याचा फोटो होता. मावशी म्हणायची हा जंजिरा. मी म्हणायचो, अगं खाली वसई लिहिलंय. ती म्हणायची, छापणारे काय, काहीही छापतात. म्हटलं, जाऊन बघूनच येतो.

शहाणी माणसं वसईला रेल्वेने जातात. तुम्हीही तसंच करा. मला मात्र खाडीवरचा मोठा पूल बघायचा होता, म्हणून दहिसरला हायवेवर उभा राहिलो आणि जूचंद्र गावच्या एका रिकाम्या टेंपोला हात केला. मीठ टाकून परत चाललेला. टेंपोवाला म्हणाला, "पानी येनार, बग. छत्री नाय घेतली?" मी हसलो. दसरा होऊन गेलेला, आता कसला पाऊस? पूल ओलांडता ओलांडता आला. धो धो. बापाणे फाट्याला त्याने मला उतरवलं, कारण त्याला गावाकडे वळायचं होतं. वर म्हणाला, "सांगत हुतो ना!"

फाट्यावर चहाच्या टपरीत उभा होतो. चहा बरा मिळतो तिथे, भजी मात्र गरम आहेत का बघून घ्या. तेवढ्यात एक पांढरी अँबॅसिडर गोगलगाईसारखी आली आणि थांबली. चालवणाऱ्या म्हाताऱ्याचं डोकं खिडकीबाहेर, केस निथळत होते. काचेवर वायपरच्या दोन नुसत्या दांड्या, पुढे काही नाही.

"पोरा, डोळे बरे आहेत ना तुझे?" त्यांनी मला विचारलं.

"बरे आहेत."

"मग बस. तू डावीकडून बाहेर बघ, मी उजवीकडून बघतो. भुईगावला जायचंय."

मी बसलो. किल्ला त्याच बाजूला असेल असं मी धरून चाललो होतो. खरं तर भुईगाव एका बाजूला आणि किल्ला दुसऱ्या, हे मला माणिकपूर मागे पडल्यावर कळलं.

त्यांचं नाव इनास. सगळे काका म्हणतात, मीही म्हणायला लागलो. केळीची आणि फुलांची वाडी. वायपर कुठे गेले, असं विचारलं तर काका म्हणाले, "घरात आहेत. दसरा झाला की काढून ठेवायचे, नाहीतर चोर काढून नेतात. आमच्याकडे सगळेच काढतात." मग जरा थांबून म्हणाले, "परवा माझी फिलू येतेय. कुवेतला नर्स आहे. जाताना भाड्याच्या टॅक्सीतून गेली, मी मागे सामानात अडकून बसलेला. तिचं तोंडसुद्धा धड बघायला मिळालं नाही. चार वर्षं झाली. आता येताना माझ्या गाडीतून येईल, माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर."

भुईगावात लॉज वगैरे काही शोधू नका, नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंची केळीची पानं गाडी पुसत जातात. घरी कातरीन काकूंनी आधी नवऱ्याचे भिजलेले केस बघितले, मग मला. दोघं आपल्या घरच्या बोलीत भांडायला लागली. मला त्यातलं अर्धं कळलं, पण शेवटचं त्या माझ्याकडे बघून साध्या मराठीत बोलल्या. "साक्षीदार राहा हां तू. डोकं बाहेर काढून हे विमानतळावर जाणार असतील, तर मी टॅक्सी सांगणार. पोरगी कुवेतहून नीट येईल आणि हायवेवर मरेल."

"वायपर आहेत ना घरात!" काका म्हणाले.

बिस्किटांच्या डब्यातून वायपर निघाले. कपड्यात गुंडाळलेले, खोबरेल तेलात माखलेले. समुद्र जवळ, खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून त्या घरात जे काही लोखंडाचं असेल त्याला तेल. कोयत्याला तेल, कडीला तेल, गाडीच्या चावीलाही. वायपरचं रबर मात्र फुगून मऊ पडलं होतं. बसवून चालू केले तर काच ताकासारखी पांढरी झाली.

"उद्या नवे घेऊ," काका म्हणाले. "किल्लाही दाखवतो तुला, वाटेतच आहे." (वाटेत नाही.)

रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. वर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी. वसईला जाऊन सुकेळी न खाता परत येणाऱ्याला मी तरी प्रवासी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी माणिकपूरला गेलो. चर्चच्या पुढच्या रस्त्यावर गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की वायपर मागणं म्हणजे नुसतं वायपर मागणं नसतं.

"कुठली गाडी?" दुकानदार.

"अँबॅसिडर."

"मॉडेल?"

"पांढरं," काका म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"बरं. ब्लेड पाहिजे की नुसतं रबर? ओरिजिनल की डुप्लिकेट? आणि हुकाचं की खटक्याचं?"

काका मला म्हणाले, "जा, दांडीचं टोक बघून ये."

मी पावसात जाऊन बघून आलो. "वाकडं आहे."

"म्हणजे हुक. आता लांबी किती?"

"दोन वीत," काका म्हणाले आणि हवेत वीत धरून दाखवली. दुकानदार उंच, धिप्पाड माणूस. त्याने स्वतःच्या विती मोजून ब्लेडं काढून दिली. मला वाटलं, कुणाची वीत हे विचारावं. पण तेवढ्यात शेजारच्या बेकरीतून पावांचा असा वास आला की मी तिकडे गेलो. परत आलो तोवर काका जुनं फडकं हातात घेऊन नवी ब्लेडं बसवत होते.

वायपर चालू केले. दोन्ही ब्लेडं काचेच्या मधोमध भेटली, एकमेकांत अडकली आणि कुस्ती खेळायला लागली. एक वाकलं.

दुकानदार म्हणाला, "वाकलेलं परत घेणार नाही."

काका म्हणाले, "तुझी वीत चुकली."

"वीत तुमची, काका!"

"माझी वीत बरोबर होती. तू तुझी लावलीस."

रेल्वे फाटकाकडे जाणारे रिक्षावाले थांबून बघायला लागले. शेवटी दुकानदाराने स्वतः पावसात येऊन दांड्या पट्टीने मोजल्या आणि योग्य लांबीची जोडी दिली. तुम्हाला कधी ब्लेड घ्यायची वेळ आली, तर जुनं सोबत न्या. एवढं एक वाक्य आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर! वाकलेलं ब्लेड काकांनी मला दिलं, "ठेव, आठवण." बसवणं आता आम्हाला जमायला लागलं होतं. दांडी उचलायची, हूक ब्लेडच्या मधल्या खाचेत घालायचा, वर ओढायचा, टक् आवाज आला की झालं. काकांनी पुन्हा तेच फडकं वरून फिरवत दोन्ही बसवली. टक्, टक्.

तरीही काच पांढरीच.

आता मात्र माझं डोकं चालेना. रबर नवं, लांबी बरोबर, हूक बरोबर. काका म्हणाले काच म्हातारी झाली. मी म्हटलं मोटर बिघडली असेल. मोटरमधलं मला काय कळतं? काही नाही. भुईगावपर्यंत पुन्हा दोघांची डोकी बाहेर. किल्ल्याचा विषय कुणी काढला नाही.

अंगणात गाडी थांबली तेव्हा काका उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. काकू दारातून बघत होत्या. मला वाटलं, आता टॅक्सीचं काढणार. त्या आल्या, काचेवर बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"खोबरेल."

"ते जुन्याचं असेल," काका म्हणाले.

काकूंनी नव्या ब्लेडवर बोट फिरवलं. "हे?"

सीटवर ते फडकं पडलं होतं, तेलाने काळं झालेलं.

"नव्यालाही लावलं?"

"लोखंड आहे ना ते. गंज धरेल."

"लग्नात माझ्या अंगठीलाही लावलं असतं यांनी," काकू मला म्हणाल्या, "सोन्याची होती म्हणून वाचली."

मग त्या चुलीतली राख घेऊन आल्या. ओल्या राखेने काच घासली, पाण्याने धुतली, साबण लावून परत धुतली. नवी रबरं मी साबणाच्या पाण्यात चोळली. काकांना कशाला हात लावू दिला नाही. पाऊस थांबला होता, म्हणून मी वरून तांब्याने पाणी ओतत राहिलो आणि काकांनी वायपर चालू केले.

काच दिसेनाशी झाली. म्हणजे तिथे काच आहे असं वाटेचना. पलीकडे काका दिसले, डोळे मिचकावत बसलेले.

"जा," काकू म्हणाल्या. "पण मीही येणार."

तिसऱ्या दिवशी आकाश निळंभोर. ढगाचा तुकडासुद्धा नाही. मला विमानतळापर्यंत सोडतो म्हणाले, तिथून मला दादर जवळ. वाटेत काका एकदाही वायपरबद्दल बोलले नाहीत. सारखे आरशात बघून भांग सारखा करत होते.

फिलू बाहेर आली तेव्हा काकू धावल्या. काका जागेवरच उभे, हातात गाडीची चावी. तिने त्यांना मिठी मारली, म्हणाली, "बाबा, गाडी कुणी चालवत आणली?"

"मी."

"तुम्हाला दिसतं?"

"बस पुढे. बघ तूच."

ती पुढे बसली. काकू मागे, सामानात अडकून. मी फुटपाथवर उभा राहिलो. गाडी सुरू झाली आणि कोरड्या काचेवर वायपर हलायला लागले, चरक चरक. चुकून हात लागला की मुद्दाम, मला कळलं नाही. वळणापर्यंत ते तसेच चालू होते.

वाकलेलं ब्लेड मी मावशीला दिलं. तिने ते पायाखाली दाबून सरळ केलं आणि आता त्याने ती ओट्यावरचं पाणी मोरीत ओढते. कापडापेक्षा बरं पडतं म्हणते. गेल्या गेल्या तिने मला विचारलं होतं, "मग? जंजिराच ना तो?"

काय सांगणार? कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. मी त्या फोटोकडे बघतो, तर मला बुरूज दिसत नाहीत. लख्ख उन्हात वायपर हलवत निघालेली एक पांढरी गाडी दिसते, आणि पुढच्या सीटवर मान वळवून बापाकडे बघणारी पोरगी.