गिटारची मान मोजणारे आमचे भाऊजी

माझे धाकटे दीर गिटारच्या माना बनवतात, हे लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, अख्खी गिटार जमत नसेल म्हणून बिचारे नुसती मानच करत असतील. जेवता जेवता मी तसं बोलूनही दाखवलं. आमचे हे ठसका लागेपर्यंत हसले. सासूबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि मला म्हणाल्या, "पोट काय कुणीही करेल गं. मान जमली तर गिटार, नाहीतर तारा लावलेला डबा."

भाऊजी मूळचे सुतार. दारं-खिडक्या करायचे. एकदा कुणीतरी मोडक्या मानेची गिटार आणून दिली, ती त्यांनी जोडली आणि दारं-खिडक्या तिथेच सुटल्या. घरामागची खोली त्यांची. खिडकीखाली लांब टेबल, त्याला पकडायचा शिकंजा, भिंतीवर रंधे न्‌ कानशी, आणि आढ्याच्या दांडीला टांगलेल्या अर्धवट माना. नवा माणूस आत येताना आधी वर बघून दचकतो. त्यांचं स्वतःचं लग्न राहिलंच. सासूबाई म्हणायच्या, "मुलगी बघायला नेलं तर हा तिच्या मानेला माप लावील, म्हणून नेलं नाही."

मला आधी वाटायचं, मान म्हणजे दांडा. केरसुणीला असतो तसा. एक दिवस मदत करावी म्हणून मी शिवणाची टेप एका मानेभोवती गुंडाळली आणि माप ओरडून सांगितलं.

"वहिनी, तिला स्वेटर विणायचाय का?"

"मग कसं मोजतात?"

"छातीचं माप घेऊन माणसाचा चेहरा कळतो का? दोन मानांचा घेर एकच असतो, पण एक चपटी असते न्‌ एक गोल. हाताला दोन्ही वेगळ्या."

मग त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून दाखवलं. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तारा तिच्यावरून खाली येतात. तिथली रुंदी आधी घ्यायची. बहुतेक गिटारींत ती त्रेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि नायलॉनच्या तारांची असेल तर बावन्नपर्यंत. मग जाडी. ती एका जागी घेऊन चालत नाही, कारण मान खाली जाताना जाड होत जाते. म्हणून पहिल्या पडद्यापाशी एकदा आणि बाराव्यापाशी एकदा. पडदे म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. मापाच्या चिमट्याचं, म्हणजे कॅलिपरचं, एक टोक मागे लाकडाला आणि एक पुढे दोन तारांच्या मधून थेट लाकडावर टेकवायचं.

"आणि तारांवरून धरलं तर?"

"तर टोपी घातलेल्या माणसाची उंची. आलेत असे बरेच जण. माप पाठवतात, मी तशी मान करतो, मग म्हणतात जाड झाली."

शेवटी पाठीचा आकार. त्यासाठी सुयांचा एक कंगवा असतो. मानेच्या पाठीवर दाबला की सुया मागे सरकतात आणि पाठीचा बाक जसाच्या तसा उमटतो. तो पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचा.

"रुंदी बोटांसाठी, जाडी अंगठ्यासाठी, बाक तळव्यासाठी," भाऊजी म्हणाले. मी कितीतरी वेळ माझ्याच हाताकडे बघत बसले. देवानं आपल्याला एवढं काय काय देऊन ठेवलंय आणि आपण त्यानं भांडी घासतो!

मग एके दिवशी गिटार वाजवणाऱ्या एक बाई आल्या. शाळेत संगीत शिकवायच्या. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात शिरला होता. दोन गाणी वाजवली की अंगठा असा ठणकायचा की तारा दाबवत नसत. सगळ्यांनी सांगितलं, पातळ मान घ्या, हाताला कमी ताण. त्यांनी दुसरीकडून पातळातली पातळ मान करून घेतली होती. तिच्यावर तर एक गाणंही पुरं होईना.

टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून त्या म्हणाल्या, "हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर मुलांना नुसतं फळ्यावर लिहून शिकवीन." बोलताना हसल्या, पण ते हसू काही बघवेना.

भाऊजींनी ती पातळ मान मोजली. पहिल्या पडद्यापाशी एकोणीस मिलिमीटर. ओल्या मातीचा गोळा बाईंच्या हातात दिला. "वाजवताना धरता तसं धरा."

बाईंनी धरलं. ठसा मोजला. दुसरा गोळा दिला. ठसा वेगळा. तिसरा त्याहून वेगळा. आता माप धरायचं तरी कुठलं?

"बाई, हात परीक्षेला बसलाय तुमचा," भाऊजी म्हणाले. "मला बघून उत्तरं देतोय."

"मग मी काय करू? डोळे मिटू?"

मिटून पाहिले. तरी तेच. भाऊजी कॅलिपर उघडत-मिटत राहिले. त्यांना काही सुचत नसलं की ते तसं करतात. बाई उठल्या, हाताची माती धुवायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि मी म्हटलं म्हणून खुर्चीवर टेकल्या. मी पोळ्या लाटत होते. दूध उतू जायला आलं म्हणून लाटणं टाकून गॅसकडे पळाले. दूध खाली उतरवून वळले तर बाईंनी ते पिठानं माखलेलं लाटणं मांडीवर आडवं घेतलेलं, नजर खिडकीबाहेर, ओठांत काहीतरी गुणगुणत. आणि डावा हात लाटण्यावर सरसर चाललेला! बोटं उठत होती, बसत होती, आणि अंगठा मागे निवांत टेकला होता.

मी श्वास रोखून धरला. हाक मारली असती तर त्या भानावर आल्या असत्या. देवा, आणखी थोडा वेळ, एवढंच मनात आलं.

गुणगुणणं थांबलं, त्यांनी लाटणं ठेवलं. हात अजून ओले होते, त्यामुळे पिठात बोटांचे आणि अंगठ्याचे डाग स्पष्ट उठले होते. मी लाटणं दोन टोकांना धरून, देवाची मूर्ती न्यावी तसं, मागच्या खोलीत नेलं.

"भाऊजी, हे मोजा."

"वहिनी, आता लाटणं?"

"मोजा म्हणते ना!"

बाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. भाऊजींनी डाग पाहिले, एकदा बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि चेष्टा थांबली. अंगठ्याच्या डागापाशी कॅलिपर लावला. सव्वीस मिलिमीटर.

"बाई, आत्ता दुखत होतं?"

"आत्ता कधी?" बाई गोंधळल्या. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "नाही की."

"पातळ मानेवर अंगठ्याला टेकायला जागाच नाही. तो सारखा चिमटा काढत बसतो. हात भरला की तळवा भार घेतो, अंगठ्यानं नुसतं सोबतीला राहायचं." भाऊजींनी कॅलिपर मिटला. "आम्ही सगळे तुमच्या हाताला उपाशी ठेवत होतो."

सुयांचा कंगवा माझ्या लाटण्यावर दाबला गेला. तो बाक पुठ्ठ्यावर उतरला. लाटणं काही मला लवकर परत मिळालं नाही. मी बाटलीनं लाटत राहिले आणि तक्रार केली नाही.

मान घडताना मी रोज डोकावायचे. रुंदी त्रेचाळीसच ठेवली, बोटांची काही तक्रार नव्हती. जाडी वर पंचवीस, खाली सव्वीस, म्हणजे जवळजवळ सारखीच. अंगठा टेकतो त्या बाजूला लाकूड किंचित जास्त भरलेलं, दुसरी बाजू थोडी उतरती. कानस दोनदा फिरवायची, मोजायचं. पॉलिश पेपर एकदा फिरवायचा, मोजायचं. शेवटी शेवटी कॅलिपर बाजूला ठेवून ते डोळे मिटून नुसता तळवा फिरवायचे आणि एका जागी थांबायचे. तिथे कॅलिपर लावला की खरंच केसाएवढा उंचवटा निघायचा. मला अंगावर काटा यायचा.

तारा चढवल्या त्या दिवशी बाई आल्या. आम्ही सगळे मागच्या खोलीत जमलो. बाईंनी मान धरली आणि लगेच सोडली. "ही तर फारच जाड वाटते हो."

"वाजवून बघा."

त्यांनी साधी चाल वाजवली. मग ती अवघड पकड घेतली, एकच बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवायचं ती. अंगठा इथेच दगा द्यायचा. भाऊजी बाईंच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते, त्यांचं लक्ष अंगठ्यावर. गाणं संपलं. बाईंनी डावा हात उलटसुलट करून पाहिला, जसा काही दुसऱ्याच कुणाचा तरी असावा. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी दुसरं सुरू केलं.

भाऊजी हळूच म्हणाले, "बाई, जरा विश्रांती घ्या, पहिलाच दिवस आहे."

"गप बस रे," सासूबाई म्हणाल्या. "वाजवू दे तिला."

मी दारात उभी होते. हात जोडावेसे वाटले, पण कुणापुढे ते ठरेना. त्या वाजवणाऱ्या हातापुढे, की त्याचं माप ओळखणाऱ्या हातापुढे, की दोन्ही हात ज्यानं घडवले त्याच्यापुढे. शेवटी मनातल्या मनात तिघांनाही एकदमच जोडले. तोवर बाई तिसऱ्या गाण्यावर गेल्या होत्या.